फौजेतली सुटी

आपण कॉलेजला दोन दिवस दांडी मारतो आणि तिसऱ्या दिवशी 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे' असा अर्ज लिहून मोकळे होतो. फौजेतही असेच चालत असेल, असा माझा समज होता. गेल्या वर्षी सोयाबीनच्या सोंगणीला दादा सुटीवर आला, तेव्हा तो पार बदलला.

जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस नैमित्तिक रजा असते. या दोन्ही एकमेकींना जोडता येत नाहीत. नैमित्तिक रजा वर्षअखेर उरली तर ती बुडते. २०२२ पासून भरती होणाऱ्या अग्निवीरांना मात्र वर्षाला ३० दिवसच रजा आहे. परंतु फौजेत रजा हा हक्क नव्हे, ती परवानगी आहे. सगळेच दिवाळीला घरी गेले तर ठाण्यावर कोण राहणार? म्हणून रजा आळीपाळीने मिळते, आणि प्रसंगी मधूनच परतही जावे लागते. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी सुटीवरच्या अनेक जवानांना असेच बोलावणे आले होते.

आजारपणाचे दिवस मात्र असे आधी मोजून दिलेले नसतात. पलटणीत आजारी पडलेला जवान तेथल्या दवाखान्यात जातो. त्याने कामावर जायचे, हलके काम करायचे की इस्पितळात भरती व्हायचे, हे फौजी डॉक्टर ठरवतात. आजारपणाची रजाही त्यांच्याच शिफारशीने मिळते.

दादाची सुटी संपायला तीन दिवस उरले होते आणि तो तापाने फणफणला. काका म्हणाले, "अबे, गावातल्या डॉक्टरची चिठ्ठी पाठवून दे न, काय होते त्याले!" आईलाही तेच हवे होते. पण दादाने तशा तापातच पलटणीला फोन लावला आणि मला म्हणाला, "वाशीमच्या सरकारी दवाखान्यात ने मले. नुसत्या चिठ्ठीनं सुटी वाढत नाही."

त्याचे म्हणणे खरे होते. परवानगीवाचून रजेपेक्षा जास्त दिवस राहणे हा १९५० च्या सैन्य अधिनियमाच्या कलम ३९ नुसार गुन्हा आहे, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गैरहजेरीला ३० दिवस झाले की चौकशी मंडळ बसते. म्हणून रजेवर आजारी पडलेल्याने मुदत संपण्याआधी पलटणीला कळवावे, जवळच्या लष्करी इस्पितळात जावे, आणि ते दूर असेल तर सरकारी दवाखाना गाठून तेथले कागद जपून ठेवावेत. आमच्या वाशीमहून कामठीचे लष्करी इस्पितळ म्हणजे नागपूरच्याही पलीकडे!

ताप उतरताच दादा कागदांची पिशवी घेऊन कामठीला गेला. आईने सोबत शिदोरी दिली. "अजून चार दिवस राहिला असता तर?" असे ती आजही म्हणते. पण त्या चार दिवसांची किंमत काय असते, हे आता आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. ज्यांच्या घरचे कोणी फौजेत आहे, त्यांनीही ते आधीच जाणून घ्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.