आठवणीची जबानी आणि दप्तरातील नोंद

औंढा नागनाथच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत लागलेल्या तंबूत आपण लहानपणी नामदेवांचा चित्रपट पाहिला, असे माझी आत्या वर्षानुवर्षे सांगत आली आहे. आणि नामदेवांच्या नर्सीपासून चार कोसांवर ज्याच्या पिढ्या नांदल्या त्या आमच्या घरात या विधानाविषयी शंका घेण्याचे कोणाला कारणही पडले नाही. बायकामुलांना पडद्याच्या मागल्या अंगाला बसवीत, तेथून नावांची अक्षरे उलटी दिसत, आणि सुलटी दिसली असती तरी तिला त्या वयात वाचता येत नव्हते. त्यामुळे कंपनी, दिग्दर्शक, नट यांपैकी काहीच तिच्या स्मरणात उरले नाही. उरले ते एवढेच: संतापलेली बायको देवळात शिरून विठोबावर वहाण उगारते, तिच्या घरी एक म्हैस आहे, शेवटी संत विमानात बसून आकाशात जातात, आणि बीज, अंकुर, झाड असे सांगणारे एक गाणे, जे ती आजही नामदेवांचा अभंग म्हणून गुणगुणते.

चित्रपटाचे नाव आठवत असेल तर शोध निम्मा झाला, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. नाव हे आपल्या मुलखातून, घरातल्या बोलण्यातून मागाहून येऊन चिकटते. डोळ्यांनी पाहिलेली वहाण मात्र जागची हलत नाही. परंपरेनुसार नामदेवांनी 1350 साली पंढरपुरास महाद्वारी, पायरीशी समाधी घेतली; सदेह वैकुंठगमनाची कथा तुकोबांची. म्हणजे विमान आणि वहाण या दोन साक्षींनीच आत्याचा चित्रपट ठरतो: 1936 सालचा प्रभातचा ‘संत तुकाराम’. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस, आणि वहाण उगारणारी त्यांची बायको आवली हिच्या भूमिकेत गौरी.

सालाविषयीचा समजही असाच फसवा. रझाकारी संपून तीनचार वर्षे झाली होती, असे आत्या सांगे, म्हणून आम्ही 1951-52 च्या याद्या चाळीत बसलो होतो. हैदराबाद संस्थान 17 सप्टेंबर 1948 रोजी मुक्त झाले आणि रझाकारी संपली, तेव्हा तिची जबानी खोटी नव्हती. ती तंबूचे साल सांगत होती, चित्रपटाचे नव्हे. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव पावलेली ही कृती पुढेही दीर्घकाळ गावोगाव, जत्रोजत्री दाखविली गेली. ज्याला नेमके साल हवे त्याने चित्रपटाच्या आरंभी झळकणारा सेन्सॉरचा दाखला पाहावा, आणि तोही तारतम्याने. कारण दाखल्याची तारीख व प्रदर्शनाची तारीख एकच असेल असे नाही.

मात्र खरी शहानिशा करावी लागते ती गाण्यांची. संतांच्या चित्रपटातले गाणे ते संतांचेच, हा समज इतका दृढ आहे की ‘आधी बीज एकले’ हे गीत भल्याभल्यांनी तुकोबांचे मानले आणि गाथेत शोधले. ते गाथेत नाही, कारण ते शांताराम आठवले यांनी त्या चित्रपटासाठी लिहिले आणि केशवराव भोळे यांनी त्याला चाल दिली. आत्या ते शेवटपर्यंत म्हणते तेव्हा कान देऊन ऐकावे: अखेरीस ‘तुका म्हणे’ ही मुद्रा येत नाही, ‘नामा म्हणे’ही येत नाही. एका जिवंत कवीने आपले नाव मागे ठेवून संताच्या वाणीत इतके एकरूप व्हावे, हे मला मराठी चित्रपटगीताचे अपूर्व वैभव वाटते. परंतु म्हणूनच आठवल्यांचे नाव आवर्जून उच्चारणे हे आपले कर्तव्य ठरते.

मुद्रा नसणे ही जशी एक खूण, तशी मुद्रा असणे हा पुरावा नव्हे. ‘नामा म्हणे’ आले की तो अभंग नर्सीच्या नामदेवांचा, असे आमच्या जिल्ह्यात तरी कोणीही छातीठोकपणे सांगेल. पण सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचा दुसरा कवी होऊन गेला आणि दोघांच्या रचना हस्तलिखितांत मिसळल्या. त्या मानाने गुरु ग्रंथ साहिबातील नामदेवांच्या 61 पदांना 1604 सालच्या आदिग्रंथाच्या संकलनाचा भक्कम आधार आहे.

लावणीच्या बाबतीत उलट अन्याय होतो: ‘बुगडी माझी सांडली गं’ ही परंपरागत लावणी समजून लोक कर्त्याचे नावच पुसून टाकतात, वास्तविक ती ग. दि. माडगूळकरांनी 1959 च्या ‘सांगत्ये ऐका’साठी लिहिली, संगीत वसंत पवारांचे आणि स्वर आशा भोसले यांचा. तबकडीवर छापलेला मजकूरही निर्विवाद मानू नये; 1949 च्या ‘महल’मधील लताबाईंच्या प्रसिद्ध गाण्याच्या पहिल्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापले होते. चित्रपटगृहाच्या दारात पूर्वी विकली जाणारी गाण्यांची पुस्तिका हाती लागली, तर ती जपून ठेवावी. कित्येक गीतकारांची सनद तेवढ्याच चार पानांत शिल्लक असते.

आणि सगळे जुने चित्रपट पुण्याच्या संग्रहालयात आहेत, असे कोणी म्हणाले तर त्याला ‘आलम आरा’ची आठवण द्यावी. 1931 सालच्या या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज ज्ञात नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते 1964 साली. तोवर जुन्या नायट्रेट फिती जळून, कुजून, आणि त्यांतील चांदीसाठी वितळवल्या जाऊन पुष्कळ काही गेले होते. ‘संत तुकाराम’ वाचला, हे आपले भाग्य.

गेल्या आषाढात मी तो आत्याला घरीच दाखविला. देवळाचा प्रसंग आला, आवलीने वहाण हातात घेतली, आणि आत्या पुढे सरकून म्हणाली, “हीच ती! पण बाई तर त्या बाजूनं आत आली होती रे.” तिने सत्तर वर्षे तो प्रसंग पडद्यामागून जपला होता, डाव्याचा उजवा झालेल्या स्थितीत, जसाच्या तसा.