वार्धक्यातील ‘हलका आहार’ आणि प्रथिनांची उणीव

वय वाढले की आहार हलका असावा, ही समजूत मराठी कुटुंबात इतकी रुजलेली आहे की मोजके जेवणे हा वृद्ध व्यक्तीचा गुणच मानला जातो. सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी गुरगुट्या भात व पातळ वरण आणि रात्री पुन्हा तेच, असा क्रम घरोघरी आढळतो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठ व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींचे प्रमाण ९.९ टक्के होते. त्यामुळे हा प्रश्न केवळ घरगुती राहत नाही. प्रस्तुत लेखात या आहारातील एकाच उणिवेचा, म्हणजे प्रथिनांच्या कमतरतेचा, प्रामुख्याने विचार केला आहे.

उतारवयात हालचाल मंदावते, ऊर्जेची गरज घटते आणि जेवणही कमी होते, हे स्वाभाविक होय. परंतु त्याबरोबर प्रथिनांची गरजही घटते असे नव्हे. वयोमानानुसार स्नायूंचे वस्तुमान व ताकद कमी होत जाते. या स्नायूक्षयास अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचविले. तेवढ्याच प्रथिनांपासून वृद्ध शरीरात तरुण शरीरापेक्षा कमी स्नायू घडतात. परिणामी आधाराशिवाय उठणे व जिना चढणे अवघड होते, तोल जातो, आणि पडून खुब्याचे हाड मोडले तर अनेकदा कायमचे परावलंबन येते.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढांसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे प्रतिदिन ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. २०१३ मध्ये ‘प्रॉट-एज’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने पासष्ट वर्षांवरील व्यक्तींसाठी हे प्रमाण १ ते १.२ ग्रॅम असावे असे सुचविले. म्हणजे पन्नास किलो वजनाच्या आजींना किमान ४२, आणि शक्यतो ५० ते ६० ग्रॅम प्रथिने हवीत.

आता वर उल्लेखिलेले ताट तपासून पाहता येईल. दोन्ही वेळचा मिळून १२० ग्रॅम तांदूळ धरला तर सुमारे ९ ग्रॅम, ३० ग्रॅम तूरडाळीतून साडेसहा, चहातील दीडशे मिलिलिटर दुधातून ५ आणि बिस्किटांतून जेमतेम २ ग्रॅम प्रथिने मिळतात. एकूण बेरीज २५ ग्रॅमच्याही खाली राहते. पोट भरते, पण गरज निम्मीच भागते. त्यात वरणाचा घट्ट भाग तळाशी बसतो आणि वरचे पाणी ‘पचायला बरे’ म्हणून वृद्धांना वाढले जाते!

उपाय स्वयंपाकघरातच आहेत. डाळीचे प्रमाण दुप्पट करून वरण घट्ट ठेवल्यास साडेसहा ग्रॅमची भर पडते. पेलाभर दूध, वाटीभर दही आणि २५ ग्रॅम दाण्याचे कूट यांतून आणखी सुमारे १७ ग्रॅम मिळतात. दात नसलेल्यांना पिठले, मुगाचे धिरडे, दुधात कुस्करलेली भाकरी चालते. ज्यांना वर्ज्य नाही त्यांना अंडे व मऊ शिजविलेली मासळी उत्तम. उपवासाचा साबुदाणा मात्र जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. खिचडीत जी काही प्रथिने असतात ती मुख्यतः दाण्याच्या कुटाची.

ब१२ जीवनसत्त्वाचा प्रश्न याहून वेगळा आहे. शाकाहारात त्याचा मुख्य आधार दूध व दुधाचे पदार्थ हाच असतो आणि वृद्धापकाळी जठरातील आम्ल कमी झाल्यास अन्नातील ब१२ चे शोषणही घटते. अशा वेळी रक्ततपासणी करून वैद्यकीय सल्ल्याने औषधरूपाने ते घ्यावे लागते.

वरील प्रमाण सर्वांनाच सरसकट लागू होत नाही. मूत्रपिंडाचा जुनाट विकार असल्यास प्रथिने किती घ्यावीत हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. तसेच स्नायूंना काम नसेल तर वाढविलेल्या प्रथिनांचा उपयोग मर्यादित राहतो. म्हणून आहारातील या बदलाला रोजच्या चालण्याची आणि खुर्चीवरून उठण्या-बसण्याच्या साध्या व्यायामाची जोड द्यावी लागते.