दुष्काळ पडतो की ठरतो?

मक्याच्या वावरात दोरी ताणून दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद चौकोन आखला जातो. आतली कणसे खुडायची, दाणे काढायचे, तराजूवर घालायचे. अशा चौकोनांतून निघालेले वजन प्रमाण उत्पादनाशी ताडले की साऱ्या गावाच्या पिकाला रुपयातली किंमत मिळते. पूर्ण पीक म्हणजे शंभर पैसे, निम्मे म्हणजे पन्नास. भोकरदन तालुक्यातले केदारखेडा असो की मराठवाड्यातले दुसरे कुठलेही गाव, सप्टेंबरअखेरची नजरअंदाज, मग सुधारित आणि शेवटी डिसेंबरातली अंतिम पैसेवारी यांवर त्याचे वर्ष ठरत आले आहे, कारण पन्नास पैशांच्या आतले गाव सवलतींच्या वाटेवर येते. 1957 मध्ये दशमान नाणी आली आणि आणा व्यवहारातून गेला, तरी शेतकऱ्याच्या तोंडी आजही आणेवारीच आहे. चलनातून गेलेले नाणे पिकाच्या हिशेबात टिकते, ते केवळ माणसे ते मानतात म्हणून.

या ‘मानण्या’ला तत्त्वज्ञानात मोठे स्थान आहे. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी 1995 मध्ये सामाजिक वास्तवाच्या घडणीवर ग्रंथ लिहून दोन प्रकारची तथ्ये वेगळी केली. पाऊस न पडणे हे निसर्गातले तथ्य. कोणी मानो न मानो, ते असतेच. कागदाचा तुकडा पाचशे रुपयांची नोट ठरतो, ते मात्र आपण सगळे तसे धरून चालतो म्हणून. हे संस्थात्मक तथ्य. 31 ऑक्टोबर 2023 रोजी राज्य शासनाने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत भोकरदन होता. त्या संध्याकाळी केदारखेड्याच्या शिवारातले एकही पान जास्त सुकले नाही. तरीही काही नवे अस्तित्वात आले: कृषिपंपाच्या चालू वीजबिलात 33.5 टक्के सूट, परीक्षा शुल्काची माफी, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती. आदल्या दिवशी जी विनंती होती, ती आता हक्काची मागणी झाली.

यावर कोणी म्हणेल, हा शब्दांचा खेळ आहे. उपाशी गुराला सरकारी शब्द काय कामाचा? आक्षेपात तथ्य आहे आणि महाराष्ट्राच्या इतिहासात त्याचा पुरावाही आहे. 1963 मध्ये राज्याने कायदा करून आपल्या कायद्यांतून ‘दुष्काळ’ हा शब्दच वगळला आणि तिथे ‘टंचाई’ आणली. म्हणून 1972 चा दुष्काळ टळला नाही. माणसे खडी फोडायला कामांवर गेलीच. घोषणेने पीक येत नाही, शब्द पुसून भूक जात नाही. पण भूक लागल्यावर कोणी काय मागायचे आणि कोणी द्यायचे, हे शब्दानेच ठरते. 1977 मध्ये रोजगार हमीला कायद्याचे बळ मिळाले, तेव्हा काम ही मेहेरबानी राहिली नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे: माणसानेच ठरवलेले असेल तर ते मनमानी; त्यापेक्षा उपग्रहाला ठरवू द्या. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेने पर्जन्यमान, जमिनीतला ओलावा आणि उपग्रहाने टिपलेली हिरवळ यांवर भर दिला, हे चांगलेच झाले. मात्र उपग्रह मोजतो. किती हिरवळ कमी झाली की दुष्काळ म्हणायचे, ते माणूसच सांगतो. पन्नास पैशांची रेघ आभाळाने ओढलेली नाही. आणि मानवी असली म्हणून ती पोकळही नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी 1895 मध्येच बजावले होते की सामाजिक तथ्ये वस्तूंसारखी अभ्यासावीत, कारण ती एकट्यादुकट्याच्या इच्छेला दाद देत नाहीत. एक्कावन्न पैशांच्या गावातल्या शेतकऱ्याला हे पुस्तक न वाचताही कळते.

म्हणूनच अशा वास्तवाकडून कारणे मागता येतात. न पडलेल्या पावसाला जाब विचारता येत नाही. पैसेवारीला विचारता येतो, आणि अंतिम होण्याआधीच्या हंगामी आकड्यावर हरकत घेण्याची तरतूद त्यासाठीच आहे. चौकोन हलक्या रानात पडला की भारी, विहिरीजवळच्या पट्टीत की कोरडवाहू माळावर, यावर गावाचा आकडा फिरतो. दोरी ताणली जाते त्या क्षणी गावाने बांधावर हजर असले पाहिजे. दुष्काळ आभाळातून पडतो हे खरे. तो नोंदवला जातो तो मात्र त्या शंभर चौरस मीटरांत.