हापूस खपतो, श्रेय आम्ही घेतो

सकाळी 7

डिजिटल एजन्सीत काम करणाऱ्या माणसाचा हात उठल्याबरोबर चहाच्या कपाआधी फोनकडे जातो. अ‍ॅड्स मॅनेजर उघडतो, आकडा हिरवा आहे की लाल हे बघतो आणि त्यावर दिवसाचा मूड ठरवतो. एप्रिलमध्ये माझ्याकडे देवगडच्या एका बागायतदाराचं खातं आहे. ते दलालाकडे न जाता वेबसाइट आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून थेट गिऱ्हाइकाला पेट्या विकतात. आज रोआस चार दिसतोय. म्हणजे जाहिरातीवर घातलेल्या एका रुपयामागे चार रुपयांची विक्री.

ऑनलाइन मार्केटिंगवाले लोकांना फसवतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. कधी कधी ती खरीही असते. पण रोजची, नेमाने होणारी फसवणूक या हिरव्या आकड्यापासून सुरू होते आणि ती आमची आम्हीच करतो. पाडवा झाला की महाराष्ट्रातल्या अर्ध्या घरांत हापूसचा विषय निघतो. ती मागणी आमच्या रीलने निर्माण केलेली नसते. जूनमध्ये पाऊस लागतो, आंबा उतरतो, आणि त्याच माणसाने चालवलेल्या त्याच जाहिरातीचा रोआस एकवर येतो. तेव्हा आम्ही म्हणतो, "अल्गोरिदम बदललाय." चढत्या आकड्याचं श्रेय आमच्या स्ट्रॅटेजीला, उतरत्याचं खापर मेटाच्या माथी.

सकाळी 9.30

लॅपटॉपवर तीन खिडक्या. एकीत मेटाचा अहवाल, दुसरीत गूगलचा, तिसरीत पेमेंट गेटवेचा. पहिल्या दोघांनी आपापल्या नावावर घेतलेल्या ऑर्डरींची बेरीज केली, तर ती प्रत्यक्ष गेलेल्या पेट्यांपेक्षा जास्त भरते. यात कुणी खोटं बोलत नाही. मेटा आपणहून जी मुदत धरते तिच्यात क्लिकनंतरचे सात दिवस आणि नुसती जाहिरात दिसल्यानंतरचा एक दिवस येतो. काल कुणी रील न थांबता वर सरकवली आणि आज पेटी घेतली, तरी ती मेटाच्या खात्यात. त्याच माणसाने आज गूगलवर बागेचं नाव टाकलं, वरच्या जाहिरातीवर बोट ठेवलं, तर ती गूगलच्याही खात्यात. पेटी एक, दावेदार दोन, आणि दोघांचे आकडे एकाच स्लाइडवर मांडून टाळ्या घेणारे आम्ही.

यातली बागेच्या स्वतःच्या नावावरची जाहिरात सर्वांत लबाड. तिचा रोआस नेहमी डोळे दिपवणारा असतो, कारण नाव टाइप करणारा माणूस आधीच दारात येऊन उभा असतो. ईबेने 2012 मध्ये काही सर्च इंजिनांवर स्वतःच्या नावाच्या जाहिराती बंद करून पाहिल्या. जाहिरातीतून येणाऱ्या क्लिकांपैकी साडेनव्याण्णव टक्के खालच्या फुकटच्या निकालातून तशाच येत राहिल्या. टॉम ब्लेक, ख्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस यांचा त्यावरचा निबंध 2015 मध्ये इकॉनोमेट्रिकात छापून आला. आमच्या धंद्यात हा प्रयोग बहुतेकांनी ऐकलेला असतो. तरीही नावावरची जाहिरात चालूच राहते, कारण ती काढली तर अहवालातला सर्वांत देखणा आकडा जातो. प्रतिस्पर्धी आपल्या नावावर बोली लावत असेल तर गोष्ट वेगळी. पण तो खरंच लावतोय का, हे बघायला दोन मिनिटं लागतात, आणि तीही कुणी काढत नाही.

सकाळी 11

टीमची मीटिंग. दोन क्रिएटिव्ह दोन दिवस चालवली आहेत. एकात कापलेल्या फोडींचा व्हिडिओ, दुसऱ्यात बागेचा फोटो. व्हिडिओला 11 ऑर्डर, फोटोला 7. "विनर मिळाला, फोटो बंद करू," असं कुणीतरी म्हणतं आणि माना डोलतात. एक नाणं 18 वेळा उडवलं, तर 11 विरुद्ध 7 किंवा त्याहून मोठा फरक जवळपास निम्म्या वेळा येतो. नाण्यात काही खोट असावी लागत नाही. पण "फोडी चालतात, बाग चालत नाही" हे वाक्य आता पुढच्या तीन मीटिंगांत सिद्धांत म्हणून फिरणार. मनासारखं उत्तर येताच चाचणी थांबवायची आणि नाही आलं तर "अजून दोन दिवस बघू" म्हणायचं, हा याचाच पुढचा भाग. दर तासाला निकालात डोकावणाऱ्याला कधी ना कधी विजेता सापडतोच.

हात शिवशिवण्याचा रोग वेगळा. जाहिरातसंचाला स्थिर व्हायला आठवड्यात साधारण 50 ऑर्डर लागतात, असं मेटा स्वतः सांगते. त्या आत कुणी बजेट मोठ्या पटीत हलवलं किंवा प्रेक्षक बदलले, की शिकण्याचा टप्पा पुन्हा पहिल्यापासून. तरी आम्ही रोज काहीतरी बदलतो. काही न करता बसलं की पगार कशाचा घेतो असं वाटतं, म्हणून बदल करायचे आणि त्याला "ऑप्टिमायझेशन" म्हणायचं.

दुपारी 1

डबे उघडले. शेजारच्या टेबलावर नव्या प्रेझेंटेशनची तयारी, आणि पहिल्याच स्लाइडवर गोल्डफिश. माणसाचं लक्ष आठ सेकंद टिकतं, माशापेक्षाही कमी. हा आकडा मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या 2015 च्या एका अहवालातून जगभर गेला. त्याच्या मागचं संशोधन शोधायला निघालेल्यांच्या हाती काही लागलं नाही. स्लाइड बनवणारा स्वतः रात्री आयपीएलची अख्खी मॅच बघून आलाय. कंटाळवाणी जाहिरात लोक सोडून देतात, याचं कारण जाहिरातीत शोधण्यापेक्षा माणसाच्या मेंदूत शोधणं सोयीचं पडतं.

दुपारी 2.30

जेवणानंतर हिशेब. बागायतदारांच्या मुलीने एक्सेल शीट पाठवली आहे. गोल आकडे घेऊन बघू. जाहिरातीवर 10,000 रुपये, पडद्यावर विक्री 40,000. रोआस चार.

पडद्यावरच्या खर्चात 18 टक्के जीएसटी नसतो. तो धरला की खर्च 11,800. "इनपुट क्रेडिट मिळतं की," असं आम्ही पटकन म्हणून टाकतो. ताज्या फळांवर जीएसटी नाही, त्यामुळे नुसता आंबा विकणाऱ्याला हे क्रेडिट घेता येत नाही. वरचे 1,800 त्यांच्या खिशातूनच गेले.

आता विक्री. ऑर्डर नोंदवल्याबरोबर "धन्यवाद"चं पान उघडतं आणि पानात बसवलेला मोजणीचा कोड, म्हणजे पिक्सेल, तिथेच विक्री मोजतो. कॅश ऑन डिलिव्हरीत तोवर एक रुपयाही आलेला नसतो. समजा 6,000 रुपयांच्या पेट्या दारातून परत फिरल्या: "साहेब घरी नाहीत", "आम्ही मागवलंच नाही", "फोन लागत नाही". टी-शर्ट परत आला तर पुन्हा विकता येतो. कुरिअरच्या गोदामात चार दिवस पिकून परत आलेल्या पेटीचं काय करायचं? उरले 34,000. त्यातून आंब्याचा, पेटीचा, पेंढ्याचा, मजुरीचा आणि कुरिअरचा खर्च वजा करून 30 टक्के हातात राहिले असं धरू: 10,200.

10,200 आले, जाहिरातीला 11,800 गेले. 1,600 रुपये तोटा, आणि परत आलेला आंबा वाया गेला तो वेगळाच. पडद्यावर मात्र अजूनही चार, अजूनही हिरवा. ही वजाबाकी पाचवीतलं पोरगं करेल. आम्ही ती करत नाही, कारण आमच्या करारात नफ्याचं नाव नाही, रोआसचं आहे.

दुपारी 4

गिऱ्हाइकांना फोन. टीममधल्या कुणालाच हे काम आवडत नाही. एपीआय, ऑटोमेशन, एआय यांवर तास घालवायला सगळे तयार असतात, पण अनोळखी माणसाला फोन लावायचा म्हटलं की प्रत्येकाची दुसरी मीटिंग निघते.

ठाण्याच्या एक बाई फोनवर आल्या. अहवालात त्यांची ऑर्डर रिटार्गेटिंगच्या, म्हणजे साइट बघून गेलेल्यांना पुन्हा पुन्हा दाखवलेल्या जाहिरातीच्या नावावर आहे.

"ताई, आमच्या बागेबद्दल तुम्हाला कुठून कळलं?"

"अहो, माझ्या जावेने नंबर दिला. मागच्या वर्षी तिच्याकडे खाल्ला होता ना. मग मी साइटवर जाऊन भाव बघितला, म्हटलं ह्यांना विचारून घेते. तर तेव्हापासून उठता बसता तुमचीच जाहिरात! मी घेणारच होते हो."

ऑर्डर जावेची, श्रेय आमचं. पण म्हणून जाहिरात चालतच नाही असंही नाही. नागपूरच्या एका तरुणाने देवगडात कुणालाही ओळखत नसताना इन्स्टाग्रामवर बघून पेटी मागवली, आवडली म्हणून दुसरीही मागवली. अशी माणसं आहेत. अडचण अशी की जावेचं गिऱ्हाईक आणि नागपूरचं गिऱ्हाईक अहवालात एकसारखे दिसतात. शिवाय आठवणीवरही सगळा भरवसा ठेवता येत नाही. जाहिरात बघून घेतलेली वस्तू "मैत्रिणीने सांगितली" म्हणणारेही भेटतात. मूळ प्रश्न तिथेच राहतो: जाहिरात नसती, तर यातल्या किती पेट्या गेल्या नसत्या?

संध्याकाळी 5

वेबसाइटच्या पानावर नवा प्रस्ताव: "फक्त 3 पेट्या शिल्लक" आणि शेजारी उलटं धावणारं घड्याळ. पान पुन्हा उघडलं की घड्याळ पुन्हा पंधरा मिनिटांवर, पेट्या पुन्हा तीन. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी 13 डार्क पॅटर्न्सना बंदी करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात खोटी घाई येते. इथे ऐकू येणारी समजूत अशी: "गिऱ्हाइकाला निर्णय घ्यायला मदत होते." गोदामात तीनशे पेट्या असताना तीन लिहिणं याला मराठीत सरळ शब्द आहे. प्रस्ताव बाद केला. हंगाम खरोखरच मेअखेर संपतो; तेवढं लिहिलं तरी घाई पुरते.

संध्याकाळी 6

महिन्याचा अहवाल. इथे आमची कला बहरते. विक्री वाढली असेल तर विक्रीची स्लाइड पहिली; घटली असेल तर रीच पहिला, मग "एंगेजमेंट", आणि विक्री अकराव्या पानावर. ईमेल किती जणांनी उघडले, हा आकडा 2021 पासून फुगलेला आहे, कारण अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमधली गोपनीयतेची सोय माणसाने मेल उघडला नाही तरी आतली चित्रं आधीच उतरवून घेते. फुगलेला आकडा गैरसोयीचा नसल्यामुळे तो दुरुस्त करायची घाई कुणाला नसते.

सर्वांत निरागस दिसणारा तक्ता म्हणजे "या वर्षीचा एप्रिल विरुद्ध मागच्या वर्षीचा". 2024 मध्ये अक्षय्य तृतीया 10 मे रोजी होती, 2025 मध्ये 30 एप्रिलला. आंब्याची मोठी खरेदी या सणाच्या आधीच्या आठवड्यात होते. म्हणजे 2025 चा एप्रिल कुणी काही न करताही झळकणार होता, आणि मे पडलेला दिसणार होता. पंचांग उघडून तिथीच्या आधीचे पंधरा दिवस त्याच पंधरा दिवसांशी ताडले, की एजन्सीची बरीचशी करामत तिथीच्या नावावर जाते. तक्ता तसा बदलला. टीम लीडने विचारलं, "एवढं खोलात जायची गरज आहे का?" गिऱ्हाइकाने विचारण्याआधी आपण विचारलेलं बरं, एवढंच म्हटलं.

रात्री 8

बागायतदारांशी फोन. त्यांना म्हटलं, काका, नाशिक आणि सोलापूर इथली सगळी जाहिरात दोन आठवडे बंद ठेवून बघू. संभाजीनगर आणि कोल्हापूर चालू. या जोड्यांमध्ये आतापर्यंत ऑर्डरी जवळपास बरोबरीने येत आल्या आहेत. बंद शहरांत किती कमी होतात ते मोजू.

हेच ऑफिसमध्ये सांगितलं तेव्हा अर्धा तास वाद झाला होता. भर हंगामात बंद? काकांना अर्धं मिनिटही लागलं नाही.

"बरोबर आहे. कलमांना पहिल्यांदा कल्टार घातलं, त्या वर्षी खालच्या बाजूची दहा कलमं तशीच ठेवली होती आम्ही. नाहीतर मोहोर औषधाने आला की थंडीने, कळणार कसं? थंडी चांगली पडली की सगळीच झाडं फुलतात, आणि दुकानदार म्हणतो माझ्या औषधाने."

आमची फी जाहिरात खर्चाच्या टक्केवारीत आहे. दोन शहरं बंद म्हणजे आमचं बिलही कमी. हे लक्षात ठेवलं तर ऑफिसातला अर्ध्या तासाचा वाद समजतो. तिथे कुणी मूर्ख नव्हतं आणि कुणी लबाडही नव्हतं. ज्या आकड्यावर पगार ठरतो, त्याच्यावर शंका घ्यायची सवय कुणालाच नसते. म्हणून या महिन्यापुरती फी ठरावीक रकमेची करायची, हे काकांशी आणि ऑफिसशी आधी बोलून घेतलं.

रात्री 9

शेवटचं काम एक मेल. निकाल लागल्यावर अर्थ लावायला बसलो तर कुठल्याही आकड्यातून यश काढता येतं, म्हणून अर्थ आजच लिहून ठेवला. बंद शहरांत ऑर्डरी चालू शहरांच्या तुलनेत एक तृतीयांशाने किंवा जास्त घटल्या, तर बजेट आहे तसं ठेवायचं. त्याहून कमी घटल्या, तर ते निम्मं करायचं आणि वाचलेला पैसा पेट्यांच्या पॅकिंगवर घालायचा. दोन आठवड्यांच्या ऑर्डरी थोड्याच असतील, लहान फरक त्यात दिसणार नाही, हेही लिहिलं. बागेच्या नावावरची गूगल जाहिरात उद्यापासून सगळीकडे बंद. चार दिवसांनी कुणी तिथे बोली लावताना दिसलं तरच पुन्हा चालू. मेल काकांना, त्यांच्या मुलीला आणि टीम लीडला गेला. सोमवारी नाशिक आणि सोलापूर बंद होतील.