ओल मुरण्याआधी

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये एक बाई दम्याचा झटका येऊन आमच्या रुग्णालयात दाखल झाल्या. त्या पावसाळ्यातली ही त्यांची तिसरी खेप. वय पस्तिशीच्या आसपास, घरीच शिवणकाम करणाऱ्या. इन्हेलर नियमित घेत होत्या आणि घेण्याची पद्धतही बरोबर होती. तिसऱ्या दिवशी घरी सोडताना मी औषधाची मात्रा वाढवायला निघालो, तेव्हा त्या म्हणाल्या, "डॉक्टर, माहेरी गेले ना, की आठ दिवसांत छाती मोकळी होते."

हे त्यांनी आधीही सांगितले होते. माहेरी विश्रांती मिळते, म्हणून बरे वाटत असेल, असे समजून मी ते हसण्यावारी नेले होते. त्या दिवशी मात्र विचारले, "ताई, तुमचं मशीन घरात कुठं असतं?" त्यांनी मोबाइलमधला फोटो दाखवला. मशीनच्या मागच्या भिंतीवर रंगाचे पोपडे सुटलेले आणि छताच्या कोपऱ्यापासून खाली काळ्या ठिपक्यांची नक्षी पसरलेली. घर वरच्या मजल्यावर, वर थेट गच्ची. "दर दिवाळीला रंग काढतो, पाऊस आला की पुन्हा तेच," त्या म्हणाल्या. पाच वर्षे रंगाला दरसाल सात-आठ हजार रुपये गेले होते. दवाखान्याचा आणि बुडालेल्या कामाचा खर्च कोणी मोजलाच नव्हता.

भिंतीवरचे ते काळे ठिपके म्हणजे बुरशी. तिचे बीजाणू जवळजवळ सगळीकडे हवेत असतात. त्यांना रुजायला ओल आणि थोडे खाद्य लागते. कागद, लाकूड, जुना रंग, धूळ, काहीही चालते. भिजलेली वस्तू सुकली नाही, तर 24 ते 48 तासांत बुरशी धरू लागते. बीजाणू काही मायक्रॉन एवढेच असल्याने श्वासाबरोबर खोल जातात. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घरातील ओल आणि बुरशी याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. ओलसर घरात राहणाऱ्यांमध्ये श्वसनाच्या तक्रारी आणि दमा जास्त आढळतो, हा त्यांचा निष्कर्ष आहे. प्रत्येक दम्याचे कारण भिंतीत नसते. पण ज्याला दमा किंवा अ‍ॅलर्जी आहे, त्याच्यासाठी ओली भिंत हा रोजचा त्रास ठरू शकतो. लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांना धोका अधिक.

म्हणून गळतीची दुरुस्ती मी आरोग्यावरचा खर्च मानतो. हा खर्च कशाने वाढतो, हे समजून घेतले तर तो आटोक्यात ठेवता येतो.

पहिली गोष्ट वेळ. नळ फुटला, पाणी सांडले आणि त्याच दिवशी पुसून, पंखे लावून, सामान हलवून खोली सुकवली, तर बहुधा काहीच दुरुस्त करावे लागत नाही. आठवडाभर ओल राहिली तर रंग आणि पुट्टी जाते. महिनोन्महिने राहिली तर गिलावा भुसभुशीत होतो. वर्षानुवर्षे राहिली तर स्लॅबमधल्या सळया गंजतात. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते. त्यामुळे काँक्रीट आतून फुटते आणि खपल्या पडू लागतात. तिथे काम रंगाऱ्याच्या हातून निघून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जाते. वायरिंगपर्यंत पाणी पोहोचले तर जिवाचाच प्रश्न. अशा भिंतीला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा.

दुसरी गोष्ट उगम. पाणी जिथे दिसते तिथूनच आत शिरते असे नाही. ते स्लॅबमधून, पाइपच्या कडेने वाट काढत भलतीकडेच बाहेर येते. उगम न शोधता केलेली दुरुस्ती म्हणजे निदान न करता दिलेले औषध. काही सोप्या चाचण्या घरी करता येतात. सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरकडे पाहा. काटा फिरत असेल तर मीटरच्या पुढे कुठेतरी गळती आहे. वरच्या घरातील न्हाणीघराची जाळी बंद करून एक-दोन दिवस तिथे पाणी साठवून ठेवले आणि तुमच्या छताची ओल वाढली, तर दोष तिथल्या फरशीखाली. हातभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दिवसभर ठेवा. थेंब भिंतीकडच्या बाजूला जमले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतली वाफ थंड भिंतीवर साचते आहे, आणि तिथे वॉटरप्रूफिंगपेक्षा खिडकी आणि एक्झॉस्ट पंखा उपयोगी. तळमजल्यावर जमिनीतली ओल विटांतून वर चढते आणि भिंतीला पांढरा लोणा धरतो. त्याचा उपाय पुन्हा वेगळा.

तिसरी गोष्ट पाण्याचा प्रकार. टाकीचे स्वच्छ पाणी, न्हाणीघराचे सांडपाणी आणि गटाराचे किंवा पुराचे पाणी यांचा हिशेब एक नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरल्यावर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले. 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरकरांनी आणि 2021 मध्ये चिपळूण-महाडकरांनी असेच पाणी घरात पाहिले. अशा पाण्यात भिजलेली गादी, उशी, फुगलेले प्लायवूड वाचवण्याचा मोह सोडावा. गमबूट आणि हातमोजे घालूनच साफसफाई करावी. नंतर ताप आला तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात उतरल्याचे आवर्जून सांगावे.

चौथी गोष्ट भिजले काय. वीट, सिमेंट, कडप्पा सुकतात. प्लायवूड, पीओपीचे छत, भिंतीला ठोकलेले कपाट यांच्या मागे ओल दडते आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो. त्यातच फरशी फोडावी लागली, बाहेरून परांची बांधावी लागली की मजुरी साहित्यापेक्षा जड होते. गच्चीचे काम कोरड्या दिवसांत करावे. भर पावसात केलेली डागडुजी तात्पुरतीच. आणि भिंत पूर्ण सुकल्याशिवाय रंग लावू नये. त्याला आठवडे लागले तरी थांबावे. दिवाळीची घाई बाजूला ठेवावी.

पाचवी गोष्ट, पैसे कोणी द्यायचे. भांडणात पावसाळे निघून जातात आणि खर्च वाढत राहतो. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून गळणाऱ्या पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने व्हायची असते. संडास, सिंक यांची घरातली गळती सदस्याची. तक्रार लेखी द्यावी आणि फोटोवर तारीख असावी. घराचा विमा असेल तर पूर आणि पाइप फुटून झालेले नुकसान साधारणपणे त्यात येते. हळूहळू झिरपून झालेले नुकसान सहसा येत नाही. म्हणजे इथेही उशिराचा भुर्दंड आपल्यालाच.

बुरशी काढताना मास्क लावावा आणि भिंत कोरडी खरवडू नये. आधी ओलसर करावी, नाहीतर बीजाणू घरभर उडतात. छोटा डाग साबणाच्या पाण्याने घासून पूर्ण सुकवावा. दमेकऱ्याने हे काम स्वतः करू नये. ब्लीच आणि संडास साफ करायचे अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि तो हुंगून गुदमरलेले रुग्ण आमच्याकडे येतात. बुरशीवर नुसता रंग मारणे म्हणजे तापावर थर्मामीटर लपवणे.

त्या बाईंना मी दोन कागद दिले. एक औषधांचा. दुसऱ्या कागदावर संस्थेसाठी चार ओळी होत्या: यांना दमा आहे, घरात ओल व बुरशी आहे, ती दूर होणे आवश्यक आहे. तो कागद सभेत वाचला गेला. गच्चीतल्या पावसाच्या पाइपाभोवतीचा सांधा उघडला होता. पाऊस थांबल्यावर कोबा तेवढ्या भागात फोडून पुन्हा केला. एकूण खर्च त्यांनी पाच वर्षांत रंगावर केलेल्या खर्चापेक्षा कमी आला. भिंत उन्हाळ्यापर्यंत सुकू दिली आणि मशीन तोवर दुसऱ्या खोलीत हलवले.

यंदाच्या पावसाळ्यात त्या तपासणीला आल्या, चालत. इन्हेलर चालू आहे आणि चालू राहील. दमा भिंतीबरोबर गेलेला नाही. पण रात्री उठून बसावे लागत नाही, असे त्या म्हणाल्या. एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी खोकला आणि दमा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी आता एक प्रश्न जास्त विचारतो: घरात ओल आहे का? तुमच्या डॉक्टरांनी तो विचारला नाही, तर तुम्हीच सांगा. माझ्यासारख्याच्या लक्षात यायला तीन खेपा लागल्या.