टोकियोत कचराकुंडी दिसत नाही, तरी रस्ते स्वच्छ कसे?

टोकियोत पहिल्यांदाच गेलेल्या भारतीय पर्यटकाची पहिल्याच दिवशी एक पंचाईत होते. हातात बिस्किटाचा रिकामा पुडा असतो. पण दोन-चार चौक पालथे घातले तरी कचराकुंडी सापडत नाही. खाली पाहावे, तर रस्त्यावर कागदाचा कपटाही नसतो!

कुंड्या गेल्या कुठे?
20 मार्च 1995 रोजी सकाळी ऐन गर्दीच्या वेळी ओम शिनरिक्यो या पंथाच्या सदस्यांनी टोकियोतील भुयारी रेल्वेच्या पाच गाड्यांमध्ये सरीन हे विषारी रसायन सोडले. त्यात डझनाहून अधिक जणांचा बळी गेला, हजारो जणांना बाधा झाली. कुंडीत घातक वस्तू लपवली जाऊ शकते, या भीतीने त्यानंतर स्थानके आणि इतर सार्वजनिक जागांवरील अनेक कुंड्या हटवण्यात आल्या.

मग कचरा जातो कुठे?
बहुतेक लोक तो पिशवीत ठेवून घरी नेतात. घरचा कचराही जळणारा, न जळणारा, पुनर्वापराचा असा वेगळा करून ठरलेल्या वारीच बाहेर ठेवावा लागतो. शाळेत वर्गाची झाडपूस मुलेच करतात. त्यामुळे कुंड्या गेल्या, तरी सवय मोडली नाही.

पर्यटकाने काय करावे?
सोबत एक छोटी पिशवी ठेवावी. रिकाम्या बाटल्या आणि कॅन व्हेंडिंग मशीनजवळच्या डब्यात टाकता येतात. इतर कचरा मात्र त्यात टाकू नये. तो मुक्कामी नेलेलाच बरा.