माणशी मसाला किती? मॉरिशसचा आकडा आणि आपलं कांडप



बचत गटाने तिखट-मसाल्याचा धंदा काढायचं ठरवलं, की कर्जाच्या अर्जासोबत प्रकल्प अहवाल लागतो. त्यात मागणी लिहावी लागते: गावात, तालुक्यात माल खपणार किती? अहवाल लिहून देणारा पुष्कळदा ‘माणशी वर्षाला इतके किलो’ असा एखादा आकडा घेतो, लोकसंख्येने गुणतो आणि रकाना भरतो. सही मात्र आपली असते, हप्तेही आपल्यालाच फेडायचे असतात. म्हणून हा माणशी आकडा येतो कुठून आणि त्यावर किती विसंबायचं, ते आज पाहू.

उदाहरणासाठी एक लहान देश घेऊ, मॉरिशस. हिंदी महासागरातलं हे बेट आपल्याला अगदीच परकं नाही. १८३४ पासून तिथल्या उसाच्या मळ्यांवर भारतातून करारावर मजूर नेले गेले. त्यात मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली मराठी माणसंही होती. त्यांची नातवंडं-पतवंडं आज तिथलीच झाली आहेत, आणि गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. देश म्हटला तरी वस्ती सुमारे साडेबारा लाख. आपल्या परभणी जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १८ लाख ३६ हजार होती. म्हणजे हा देश आपल्या जिल्ह्याहूनही लहान. जमीन मुख्यतः उसाखाली. मिरची, आलं थोडंफार तिथे पिकतं, पण मसाल्याचा बराच माल जहाजाने येतो. त्यामुळे हिशेब समजायला सोपा.

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना देशोदेशीचा अन्नाचा ताळेबंद काढते. १९६१ पासूनचे आकडे त्यात आहेत. रीत आपल्या गटाच्या ताळेबंदासारखीच. देशात पिकलं किती, ते लिहायचं. बाहेरून आलं ते मिळवायचं, बाहेर गेलं ते वजा करायचं. गोदामातला साठा वाढला असेल तर तेवढा वजा, घटला असेल तर तेवढा जमा. बियाण्याला गेलेलं आणि वाटेत नासलेलं काढायचं. उरलं ते लोकसंख्येने भागायचं, की माणशी पुरवठा आला.

इथे शब्द नीट ऐका: पुरवठा. माणसाने खाल्लं किती, हे यात कुणी मोजलेलं नाही. आपल्या वालूरच्या बारवेचंच बघा. झऱ्याने पाणी किती आलं आणि पातळी किती उतरली, यावरून उपसा किती झाला ते कळेल. पण कुणाच्या घागरीत किती गेलं आणि वाटेत किती सांडलं, ते कळणार नाही. ताळेबंदाचंही तसंच. घरात डब्यात जाळी धरून फेकलेलं तिखटही त्यात पुरवठा म्हणूनच राहतं.

आता मॉरिशसचा माणशी मसाला एका वर्षी वाढला आणि पुढच्या वर्षी घटला, तर तिथल्या बायकांनी फोडणी बदलली असं समजायचं का? आधी चार गोष्टी तपासाव्या लागतील.

पहिली, देशाचा लहानपणा. समजा १२ टन हळदीचा एक कंटेनर डिसेंबरऐवजी जानेवारीत बंदराला लागला आणि साठ्याची नोंद नीट झाली नाही. साडेबारा लाख लोकांत १२ टन म्हणजे माणशी जवळपास १० ग्रॅम. तेवढी हळद एका वर्षातून उठून दुसऱ्या वर्षात जाऊन बसली. तोच कंटेनर भारताच्या हिशेबात धरला, तर माणशी एका ग्रॅमचा शंभरावा हिस्साही होत नाही. थोड्या माणसांच्या हिशेबात लहान गोष्टीही मोठ्या दिसतात.

दुसरी, पाहुणे. २०१९ मध्ये मॉरिशसला तेरा लाखांहून जास्त पर्यटक आले. देशाच्या वस्तीपेक्षा जास्त! पण प्रत्येक जण दहा दिवस राहिला असं धरलं, तर वर्षभराच्या हिशेबाने ती पस्तीस हजारांच्या वर तोंडं होतात. हॉटेलात त्यांनी खाल्लेला मसाला भागताना रहिवाशांच्या नावावर पडू शकतो. २०२० मध्ये करोनामुळे पर्यटक थांबले. अशा वर्षी आकडा खाली आला, तरी घरातली आमटी फिकी झाली असं म्हणता येणार नाही.

तिसरी, कोणता जिन्नस कुठे मोजला. वाळलेली मिरची मसाल्यात धरतात, हिरवी मिरची भाजीपाल्यात. लसूणही भाजीपाल्यातच. हळद आणि आलं ‘इतर मसाले’ यात येतं. परसातल्या मिरचीच्या चार झाडांचा तर कुणी तोलच केलेला नसतो.

चौथी, मोजायची रीत. ताळेबंदाची जुनी मालिका २०१३ पर्यंत आहे आणि नव्या पद्धतीची २०१० पासून. दोन्ही सरळ जोडल्या, तर सांध्यावर चढ किंवा उतार दिसेल, तो खाण्यातला बदल नसून मोजण्यातला असू शकतो. म्हणून एका वर्षावर न जाता चार-पाच वर्षांची सरासरी पाहावी.

मग हा आकडा टाकाऊ का? नाही. देशाला बाहेरून किती माल लागतो, कशावर जास्त विसंबून आहोत, हे त्यातून कळतं. पण आपल्या गटाचं तिखट कोण घेईल, हे त्याला विचारायचं नाही. ते गावालाच विचारायचं.

एक हिशेब करून पाहू, आकडे फक्त उदाहरणाचे. समजा शंभर घरं, पाचशे माणसं, माणशी वर्षाला २ किलो तिखट. अहवालात मागणी लागेल १,००० किलो. पण घरोघर विचारल्यावर कळलं, की सत्तर घरं उन्हाळ्यात मिरच्या स्वतः आणतात, वाळवतात आणि कांडून घेतात. तयार तिखट घेणारी घरं तीसच. म्हणजे विक्रीची मागणी ३०० किलो, आणि त्यातलीही काही घरं दुकानातलं पाकीट सोडणार नाहीत. १,००० किलोच्या भरवशावर मिरची भरली, तर सातशे किलो पोत्यांत पडून राहील, रंग उतरेल आणि हप्ता थकेल.

याच हिशेबाला दुसरी बाजू आहे. ती सत्तर घरं तिखटाचं गिऱ्हाईक नसली तरी कांडपाचं गिऱ्हाईक आहेतच. त्यांच्या ७०० किलोंची मजुरी गटाला मिळू शकते, आणि त्यासाठी मिरचीत भांडवल अडकत नाही. एका आकड्याच्या पोटात दोन वेगळे धंदे होते.

तेव्हा अर्जावर सही करण्याआधी गटातल्या प्रत्येकीने दहा-दहा घरं वाटून घ्यावीत आणि पाच गोष्टी लिहून आणाव्यात: घरात खाणारी माणसं किती, वर्षाला तिखट, हळद, येसर किती लागतं, त्यातलं घरी किती होतं, विकत किती आणि कुठून येतं, आणि कांडप कुठे करून घेतात. लग्नाचं किंवा कार्याचं वर्ष असेल तर तसं टिपावं, कारण तेही आपल्याकडचे पर्यटकच. पुढच्या बैठकीत सगळ्यांची बेरीज करा. ती अहवालातल्या आकड्याशी जुळली नाही, तर अहवाल बदलून घ्या.